वरचा षड्ज आणि धनपालचा श्वास

मिरजेच्या स्वरनिद्रा प्रयोगशाळेत दुपारी सगळ्यांनाच पेंग येई. पडदे ओढलेले, तंबोरा मंद सुरू, आणि खाटेवर डोक्याला स्वरटोपी घालून चारुता गाढ झोपलेली. काचेपलीकडे गाणं शिकवणाऱ्या मालतीताई भीमपलास गात. गाताना त्यांच्या मेंदूत उमटणारे स्वरांचे ठसे टोपीवाटे झोपलेल्या मुलीच्या मेंदूत उतरत. रियाजाला बसवण्यासाठी पोरांच्या मागे लागायची कटकट मिटली, म्हणून आईबाप भलतेच खूश होते.

चारुताचे वडील धनपाल मगदूम खाटेशेजारी तिचा हात धरून बसत. हात सोडला की पोर जागी व्हायची. खरं तर पालकांसाठी बाहेर बाकडं होतं. पण आपल्याकडे शिकवणीला मूल एकटं थोडंच जातं? आई नाहीतर बाप जवळ ठिय्या देऊन असतोच.

जागी झाली की चारुता गोड गायची, अगदी मालतीताईंच्या मुरक्यांसकट. मात्र अंतऱ्यात वरच्या षड्जापाशी आली की गप्प. दर वेळी तिथंच. हल्ली तर "माझा आवाजच वाईट आहे" असं म्हणून तिनं घरात गुणगुणणंही सोडलं होतं. ते वाक्य धनपालच्या काळजात रुतलं, कारण ते त्याच्या जुन्या ओळखीचं होतं.

प्रयोगशाळेच्या डॉक्टर रेहाना इनामदारांनी सगळी यंत्रं तपासली. कुठेच बिघाड नव्हता. मालतीताईंना ते स्वतःवर आल्यासारखं वाटलं आणि त्या जरा फणकारल्या.

"ताई, तुमचा स्वर तिच्यापर्यंत चोख पोचतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पण टोपीतून फक्त स्वर जातो. श्वास जात नाही."

"मग श्वास ती कुणाकडनं शिकते?"

"ज्याचा हात धरलाय त्याच्याकडनं. झोपेत लेकरू शेजारच्या माणसाच्या श्वासाशी आपला श्वास जुळवून घेतं. आम्ही त्याला श्वासमेळ म्हणतो."

त्यांनी यंत्राचा पडदा धनपालकडे वळवला आणि मघाच्या गाण्याची नोंद लावली. बापलेकीच्या श्वासाच्या दोन रेघा सोबतीनं वरखाली होत चालल्या होत्या. मालतीताईंचा आवाज षड्जाकडे चढू लागला तशी एक रेघ थबकली. ती धनपालची होती. पाठोपाठ मुलीची थबकली.

धनपालनं मग मान खाली घालून सांगितलं. लहानपणी क्लासच्या गुरुपौर्णिमेला याच षड्जावर त्याचा आवाज फाटला होता आणि सगळं सभागृह हसलं होतं. त्यानंतर तो कधी गायला नाही. मुलीला त्यानं यातलं अवाक्षरही कळू दिलं नव्हतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बाहेर बसतो," तो म्हणाला.

"त्यानं भागणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत बसलेली गाठ त्याच हातानं सुटेल. तुमचा श्वास तिथून पुढे जायला हवा, आणि श्वासाचं सोंग आणता येत नाही."

मालतीताईंनी निकाल लावला. उद्यापासून धनपालनं त्यांच्या घरी यायचं. टोपीबिपी काही नाही, सतरंजीवर बसायचं आणि गायचं.

मिशाळ धनपाल चिमुरड्यांच्या रांगेत बसू लागला. षड्ज आला की आवाज फाटे आणि तो हसण्याची वाट बघत थांबे. कुणीच हसत नसे, पेटी चालूच राही. एके दिवशी तर आवाज बिजागरीसारखा असा काही करकरला की त्याला स्वतःलाच हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच षड्ज लागला. तेव्हापासून ती जागा आली की त्याचा श्वास अडत नसे. पोटातून नुसतं हसू वर येई.

पुन्हा प्रयोगशाळेतली दुपार. मालतीताईंचा स्वर चढत गेला. धनपालची रेघ थांबली नाही, तिथं बारीक लहरी उमटल्या. मुलीच्या रेघेतही उमटल्या. ही थरथर कसली, डॉक्टरांना उमगेना. नवाच बिघाड तर नाही, म्हणून त्या धास्तावल्या.

चारुता जागी झाली, डोळे चोळत उठून बसली आणि गाऊ लागली. वरचा षड्ज तिनं जागेपणी कधी लावलाच नव्हता. तिथं पोचताच आवाज फाटला. मालतीताईंनी डोळे मिटून घेतले.

चारुता खुदकन हसली. हसता हसताच वर गेली आणि षड्जावर स्थिर झाली.

"पप्पा, इथं हसायचं असतं, होय ना?"

"होय की," धनपाल म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.