निळ्या खिडकीतला अडुळसा

नोकरीतून मोकळे झाल्यावर मायाप्पा गुरुजींनी निपाणीतल्या आपल्या घराची मधली खोली अडुळशाला दिली. खोलीला शेजारी शेजारी दोन खिडक्या होत्या. गणपतीच्या आराशीला लावतात तो रंगीत जिलेटीनचा कागद त्यांनी बेळगावहून आणला. एका खिडकीला तांबडा चिकटवला, दुसरीला निळा, आणि मध्ये घोंगडं टांगलं. डालड्याच्या डब्यांत अडुळशाच्या फांद्या खोचल्या. उजेडाच्या रंगानं औषधी झाडात काय फरक पडतो, हे जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनात पोरांना दाखवायचं होतं. साल होतं अठ्ठ्याहत्तर.

फरक पडला. तांबड्या उजेडातली रोपं उंच, किडकिडीत झाली. निळ्यातली बुटकी राहिली, पण त्यांची पानं जाड, काळपट हिरवी. एखादं चुरगाळलं की कडू वास थेट घशात उतरायचा.

तांबडी रोपं खिडकीकडे झुकली. रोपं उजेडाकडे झुकतातच. गुरुजींनी जन्मभर पोरांना हेच शिकवलं होतं. निळी रोपं मात्र खिडकीकडे पाठ करून डाव्या भिंतीकडे वळली. भिंतीला कुठं फट असेल, तिथून ऊन येत असेल, म्हणून गुरुजींनी ती शेणामातीनं लिंपून काढली. डबे उलटे फिरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी शेंडे पुन्हा भिंतीकडेच.

भिंतीपलीकडे तानीबाईची खाट होती.

तानीबाई त्यांची बायको. सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेलेली. धूळ छातीत जाऊन बसली होती. परसातल्या अडुळशाचा काढा ती घ्यायची, पण अलीकडे त्यानं खोकला हलत नव्हता. एकदा भिंतीला धरत धरत ती मधल्या खोलीच्या दारात आली आणि बघतच राहिली.

"अवो, ह्यो पाला माझ्याकडंच बघाय लागलाय."

"झाडाला डोळं असत्यात व्हय गं?"

"तुमी मास्तर. तुमास्नीच ठावं." ती हसली, आणि हसता हसता खोकत खाली बसली. "ह्यातला वाईच काढा द्या की करून."

"पानं तोडली तर पोरांस्नी काय दावू? प्रदर्शन हू दे. मग समदी तुलाच."

"बरं," ती म्हणाली. "पोरांचं हू दे आदी."

प्रदर्शनाच्या आधीच, संक्रांतीच्या सुमाराला, ती गेली. सगळं आवरल्यावर गुरुजी पाणी घालायला खोलीत गेले. निळी रोपं सरळ उभी होती. शहाण्या पोरांसारखी, खिडकीकडे तोंड करून.

ते प्रदर्शनाला गेले नाहीत. पण रोपांना पाणी घालणंही त्यांना सोडवेना. तांब्या हातात घेतला की तिचं ते "बरं" कानात यायचं.

पावसाळा ओसरत आला तेव्हा शेंडे पुन्हा हलले. या वेळी उजव्या भिंतीकडे. पलीकडे घराचा पुढचा सोपा होता. संध्याकाळी गल्लीतली पोरं तिथं पाढे म्हणायला बसत. गुरुजींनी मधलं घोंगडं काढून टाकलं, शेंड्यांच्या रेषेत भिंतीवर बोट टेकवलं आणि सोप्यात येऊन तीच जागा शोधली. तिथं मालू बसायची. तिची आई घरात विड्या वळायची.

त्यांनी मालूला दुसऱ्या टोकाला बसवलं.

सकाळी शेंडे दुसऱ्या टोकाकडे होते.

गुरुजी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि हसले. "पोरगी ठणठणीत हाय की, गुरुजी!"

घरी येऊन गुरुजींनी निळ्या रोपांची पानं खुडली. एकही ठेवलं नाही. गूळ घालून काढा उकळला.

"गुर्जी, मला खोकला न्हाय, काय न्हाय! आयला द्या, ती लई खोकती."

"पी गं बाई. बक्षीस देतो."

"काय देणार?"

"पाढ्यास्नी सुट्टी."

मालूनं नाक दाबून वाटी संपवली. पुढच्या आठवड्यात ती खोकू लागली, थोडे दिवस खोकली आणि थांबली. उघडी खोडं खिडकीकडे वळली. त्या दुपारी गुरुजी तानीबाईच्या खाटेवर बसून लहान मुलासारखे रडले. एवढंच तर करायचं होतं. एक वाटी.

दिवाळीनंतर खोडांना कोंब फुटले. सोप्यात पोरं मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती. गुरुजी तांब्या घेऊन खोलीत आले आणि उंबऱ्यातच थांबले.

सगळे शेंडे उजव्या भिंतीकडे होते. पण कुठलेही दोन एका जागी रोखलेले नव्हते.

ते खाली बसले. एका डब्याशी डोळा नेऊन शेंड्याच्या रेषेत पाहिलं. भिंत. भिंतीमागून भरमूचा आवाज येत होता.

पुढचा डबा. जयाचा आवाज.

त्याच्या पुढचा. मालूच्या धाकट्या भावाचा. तो आजच पहिल्यांदा आला होता.

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला आणि पानं खुडायला हात पुढे केला.

पानं अजून करंगळीच्या नखाएवढीच होती.