प्लास्टरच्या आतलं अक्षर

आपला पेपर दुसऱ्याने लिहून द्यावा असं तुमच्यापैकी कुणाकुणाला वाटतं? हात वर करा. लाजू नका, दिवा बारीकच आहे.

तिघं. आणि चौथा आमचा नातू, फक्त त्याने हात कान खाजवायला नेल्यासारखा नेलाय. बरं, मिटा पुस्तकं थोडा वेळ. तसंही अर्धा तास झाला, तुम्ही सगळे एकाच पानावर आहात.

माझा साडू हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचा. डॉक्टर फोटो बघून बोट दाखवणार, पुढचं सगळं हा करणार. दिवसभर लोकांची हाडं सरळ करायचा, स्वतःला मात्र कणा नव्हता. त्याची मुलगी नववीत होती. हुशार, मान खाली घालून अभ्यास करणारी. ती ज्या क्लासला जायची तिथल्या सरांना आम्ही ‘हमखास सर’ म्हणायचो, कारण दाराबाहेर पाटी होती ‘हमखास यश’. त्यांचं शिकवणं म्हणजे फळ्यावर ‘महत्त्वाचे’ लिहायचं, खाली तीन रेघा मारायच्या आणि फोनवर बोलत बाहेर निघून जायचं.

हा क्लास ज्याच्या इमारतीत होता त्याचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. त्याला सगळे युवराज म्हणायचे. युवराजांना लिहायचा कंटाळा. वाचायचाही. जेवताना तेवढा उत्साह दिसायचा. तेव्हा सरांनी तोड काढली. उजव्या हाताला प्लास्टर, दवाखान्याचा एक कागद आणि लेखनिक.

लेखनिक म्हणजे ज्याला स्वतःला लिहिता येत नाही त्याच्यासाठी लिहिणारा, खालच्या वर्गातला. परीक्षा देणाऱ्याने सांगायचं, त्याने तेवढंच उतरवायचं. ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी फार चांगली सोय आहे ती. सरांनी या कामाला साडूची मुलगी धरली. युवराजांनी नुसते ओठ हलवायचे, उत्तरं हिने लिहायची. बदल्यात पुढच्या वर्षी हिचा क्लास फुकट. पकडली गेली असती तर पोरीची स्वतःची दहावीच बुडाली असती. हे साडूला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरी त्याने धडधाकट हाताला प्लास्टर घातलं.

“आजोबा, त्या मुलीला कुणी विचारलं नाही?”

नाही विचारलं. तिला सांगितलं. आपल्याकडे दोन्हीत फार फरक करत नाहीत.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं ऐका. त्याच क्लासचा एक मुलगा परीक्षेच्या दहा दिवस आधी सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात खरोखर मोडला. प्लास्टर साडूनेच घातलं. मुलगा सरांकडे गेला, म्हणाला, मला लेखनिक मिळवून द्या. सर म्हणाले, मुदत संपली. संपली नव्हती. चार दिवस बाकी होते. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागतात, या महाशयांना तेवढी सवड झाली नाही. मुलगा दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंत डाव्या हाताने लिहायचा सराव करायचा. साडू ते बघायचा. त्याच डाव्या हाताने त्याने पेपर दिले. एकही पुरा झाला नाही. नापास झाला, आणि पुन्हा बसायच्या आधीच तापाने गेला.

सर त्याच्या घरी दोन मिनिटं जाऊन आले. बूट न काढता.

तर युवराजांचे चार पेपर झाले. चौथ्या दिवशी घरी आल्यावर मुलगी साडूला म्हणाली, “बाबा, तो ओठ हलवतो ना, तेव्हा मला उत्तरं ऐकू येतात. मला न येणारीसुद्धा.”

“तोच सांगत असेल.”

“त्याला काय येतंय, बाबा. आवाज खालून येतो. त्याच्या हाताकडून.”

“अभ्यास जास्त झालाय तुझा. झोप.”

तो मंगळवार होता, मार्चची एकोणीस तारीख. बुधवारी विज्ञानाचा, शेवटचा पेपर. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी सरांचा फोन आला. युवराज ओरडतायत, प्लास्टर कापा म्हणतायत. या, कापा आणि सकाळच्या आत नवं घाला. साडूने कात्री घेतली, पट्ट्या घेतल्या, बादली घेतली आणि निघाला. बोलावलं की जायचं, एवढंच त्याला येत होतं.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात दिवा नाही. सर दारातच उभे. आत पहिल्या बाकावर युवराज. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“काका, आत कोणीतरी लिहितंय.”

सर हसले. “तू जन्मात कधी लिहिलं नाहीस. लिहिण्याचा आवाज तुला कसा कळला?”

“ऐका ना...”

सरांनी पंखा बंद केला.

खर... खर... खर...

कागदावर पेन चालावं तसा. ओळ संपली की थांबायचा. मग पुढची ओळ.

“मुंगी असेल,” सर म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

साडूने कोपराकडून कात्री घातली. पहिला तुकडा कापला. आतला आवाज वाढला. अजून कापलं. अजून वाढला. शेवटची दहा मिनिटं राहिली की तुम्ही लिहिता ना... तसा. घाईघाईने. खरखरखरखर.

साडू कापत गेला.

मनगटाशी आला.

आवाज थांबला.

त्याने दोन्ही भाग उघडले. युवराजांचा हात स्वच्छ. शाईचा ठिपका नाही. पण प्लास्टरच्या आतल्या बाजूला, कापसाखाली, निळं अक्षर. प्रश्न पहिला. प्रश्न दुसरा. कोपरापासून मनगटापर्यंत. वाकडं, डावीकडे कललेलं... शेवटचं वाक्य अर्धवट. कात्री जिथे पोचली तिथेच तुटलेलं.

दवाखान्याच्या बाकावर तेच अक्षर साडूने दहा दिवस पाहिलं होतं.



मग हमखास सर काय म्हणाले असतील? म्हणाले, “नवं घाला. साडेनऊला निघायचंय.”

याला म्हणतात निष्ठा.

युवराज समोरच्या फळ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, “तो पण म्हणतोय... घाला.”

“कोण?”

“म्हणतोय... आज वेळ पुरला नाही...” थांबले. मान कलती करून ऐकल्यासारखं केलं. “म्हणतोय, काकांची मुलगी चांगली लिहिते. आता तिला सोडत नाही.”

...

साडूने बादली खाली ठेवली.

“सर, माझी मुलगी उद्या येणार नाही.”

“मग पुढच्या वर्षी तिने माझी पायरी चढायची नाही.”

“नाही चढणार.”

पन्नास वर्षांच्या आयुष्यात हा माणूस एवढंच काय ते ताठ बोलला. कापलेल्या प्लास्टरचे दोन्ही भाग त्याने पिशवीत भरले, कारण ते तिथे सोडून यायची त्याची छाती झाली नाही. पिशवीला गाठ मारली. घरी आल्यावर ती न्हाणीघरात ठेवून बाहेरून कडी लावली आणि पोरीच्या उशाशी जाऊन बसला. उजाडेपर्यंत उठला नाही. मला म्हणाला, “रात्रभर तिच्या हाताकडे बघत होतो.” मी म्हटलं, “आधी बघायला हवं होतंस.” मेहुणीने डोळे वटारले, पण मी बोलायचं ते बोललो.

“मग? सकाळी काय झालं?”

सकाळी मुलगी आठला उठली, वेणी घालून स्वतःच्या शाळेत गेली. त्या दिवशीही तिला काही ऐकू आलं नाही, नंतरही कधी नाही. हमखास सरांनी परीक्षा केंद्रावर सांगितलं की मुलाचा हात रात्रीत बरा झाला. असल्या माणसांना काहीही सांगता येतं. युवराज मोकळ्या हाताने आत गेले आणि अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन बाहेर आले. इकडे दहा वाजता साडूने न्हाणीघराची कडी काढून पिशवी उघडली. प्लास्टर अखंड होतं, कापल्याची खूण कुठेच नव्हती. नवं प्लास्टर घातलं की ते वाळेपर्यंत थोडा वेळ गरम लागतं. ते गरम होतं.