शेळी पिंप का चाटते?

"ताई, शेळी परत पिंप चाटतेय," टिल्लू म्हणाला.

"चाटू दे. तुझ्यासारखीच खादाड आहे ती." ताईने वळून बघितलं आणि तिलाही नवल वाटलं. समोर हिरवा पाला पडलेला, आणि ही बया बंदरावरून आलेल्या रिकाम्या लाकडी पिंपाला चिकटलेली.

सुट्टीत ही भावंडं मावशीच्या द्राक्षमळ्यावर आली होती. मावशीची वाइन याच पिंपांतून बंदरातल्या गोदामात जायची आणि पिंपं तिथेच धुऊन परत यायची. यंदा 'चव बिघडलीय' असा निरोप आला. पुढची खेपही तशीच निघाली, तर गिऱ्हाईक तुटणार आणि मळा विकावा लागणार. उद्याच पिंपं भरायची होती.

"वेली म्हाताऱ्या झाल्या, दुसरं काय," मावशी म्हणायची. ताईला मात्र ते पटत नव्हतं.

आता तिने पिंपावर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट! आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. ट्रकवाले काका बंदरावर निघालेच होते. मावशीला सांगून दोघं ट्रकमध्ये चढली.

घाट उतरून ट्रक बंदराच्या जुन्या तटबंदीच्या आत शिरला. गल्ल्या इतक्या अरुंद, की काकांना आरसे मिटावे लागले. गोदामात मुकादम नळीने पिंपं धूत होते.

"पोरांचं इथे काय काम?"

"पिंपं बघायला आलोय," ताई म्हणाली. "किती स्वच्छ धुता हो तुम्ही!"

मुकादमांची छाती फुगली. टिल्लूने लगेच नळीखालचा मग भरून पुढे केला. "दमला असाल. घ्या, पाणी."

मुकादमांनी मोठा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकून टाकला.

गोड्या पाण्याचा पंप बिघडल्यापासून त्यांनी बोटी धुवायची नळी ओढून घेतली होती. तिला पाणी थेट समुद्राचं. 'धुवायचंच तर आहे,' असं म्हणून कुणी चाखलंच नव्हतं.

"धुवायचं खरं," ताई म्हणाली, "पण लाकूड पाणी पितं ना!"

मुकादम खाली मान घालून मालकांकडे गेले. संध्याकाळी ट्रक कोरी पिंपं घेऊन मळ्यावर आला, तेव्हा पुढच्या सीटवर तेही होते.

"बाई, वाइन तुमची चांगलीच होती. आम्ही नासवली. मालकांनाही सांगून आलोय."

"परत सांगा," मावशी म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं.

मावशी पायरीवर बसली आणि तिने दोघांना कुशीत ओढलं. "शाबास रे माझ्या वाघांनो," ती रडत रडत म्हणाली, "मी तर वेली उपटायला माणसं सांगून ठेवली होती."