दादाचं ऑम्लेट

"मला तुमचे हात हवेत!"

मी दाराशीच थबकले. दादाला न्यायला त्याच्या प्रशिक्षण केंद्रात आले होते. माझा थोरला भाऊ तिथे रोजची कामं शिकतो. तोंडी सांगितलेलं त्याला चटकन उमगत नाही, पण डोळ्यांनी पाहिलं की पक्कं बसतं. म्हणून केंद्राने व्हिडिओ करायला हा कॅमेरावाला बोलावला होता... स्वयंपाकघरात स्टुलावर चढून दिवा वळवत होता.

"ओळख ना पाळख, आणि थेट हात मागताय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तसं नाही... म्हणजे — अंडी फोडायला. इथल्या मॅडम आज आल्या नाहीत."

मग दादाची बहीण म्हणून ओळख सांगून मी ऑम्लेट केलं. सावकाश, एकेक कृती थांबत थांबत. "चेहराही येऊ दे," तो म्हणाला. "तुम्हाला बघून दादा पटकन शिकतील." कपाळावर बट आली, ती मी मनगटाने मागे सारली. कॅमेऱ्याआडून त्याचे डोळे हसत होते... मीही मान तिरकी करून लाजत हसले.

त्यानंतर मी जरा लवकरच केंद्रात पोचू लागले. कधी अंथरूण घालायचा व्हिडिओ, कधी शर्टाची बटणं. "दादासाठी गं!" मी आईला सांगायचे. आई नुसतं "हं" म्हणायची.

आतून मात्र धाकधूक होती. आजवर आलेल्या स्थळांनी 'भावाचं काय?' एवढं विचारून पाठ फिरवली होती.

परवा आमच्या घरी दादाने एकट्याने ऑम्लेट करायला घेतलं. कॅमेरावाला मुद्दाम बघायला आला होता. ओट्यावर मोबाइल, त्यात मी. दादाने अंडं फोडलं, फेटलं — आणि थांबला. नसलेली बट मनगटाने मागे सारली, मान तिरकी केली आणि कॅमेरावाल्याकडे बघून चक्क लाजला!

आईला हसू आवरेना. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"तेवढं कापायचं होतंत ना!" मी पुटपुटले.

"जीव होईना," तो हळूच म्हणाला. "रोज बघतो मी ते... लग्न करशील माझ्याशी?"

"दादा माझ्याबरोबर असेल. कायमचा."

"म्हणून तर मोठं घर शोधतोय."

"मी नाही येणार," तव्यावरची नजर न हलवता दादा म्हणाला. "आईला नाश्ता कोण देणार? तू जा. रविवारी या दोघं."

त्याने ऑम्लेट उलटलं — अख्खं, कुठेही न फाटता. आणि डोळे पुसत मी "हो" म्हटलं.