फक्कीच्या भिंती

"अहो, भिंतीतून कुठे निघालात!"

मोकळ्या मैदानातून शाळेकडे निघालेला मास्तर जागीच थबकला. पायाखाली फक्कीची पांढरी रेघ, समोर हातात घमेलं घेतलेली आर्किटेक्टबाई. डोळ्यांत नुसता अंगार.

"भिंत? कुठाय?"

"तुमच्या बुटाखाली! दवाखाना आहे हा. कागदावरचं कोणाला कळत नाही, म्हणून मी खऱ्या मापाने जमिनीवर आखते, माणसांना त्यातून चालवते. शनिवारी समिती बघायला येणार, आणि तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत बूट घालून—"

"चुकलं," म्हणून तो गालात हसला. हसला म्हणून तिचं डोकं आणखीच फिरलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तो वळसा घालून, दारासाठी रेघेत मोकळी जागा सोडली होती तिथूनच यायचा.

"बाई, पेशंट आलाय. झोप लागत नाही..."

"पोरांचे पेपर तपासायला घ्या. लागेल!"

बोलायची फणकाऱ्याने, पण त्याला यायला उशीर झाला की तीच ती रेघ पुन्हा पुन्हा आखत बसायची.

शनिवारी समिती आली. अध्यक्ष आत चाललेच नाहीत. "घुमट कुठाय? समोर खांब, उंच पायऱ्या... दुरून दिसलं पाहिजे!"

"पाय मोडलेला माणूस पायऱ्या चढणार? दवाखाना बांधताय की राजवाडा?"

"तुम्हाला जमत नसेल तर आमचे मेहुणे आहेत," म्हणत ते रेघा तुडवत निघून गेले.

तिने घमेलं आपटलं आणि रडत, तणतणत सरळ भिंतीतून चालू लागली.

"अहो, भिंतीतून कुठे निघालात!" मास्तर स्वतःच रेघा ओलांडत धावत आत आला.

"माझा दवाखाना गेला! आता कसली भिंत!"

"असा कसा जाईल? पोरांचे आईबाप घेऊन येतो, सगळ्यांना चालवा यातून. मग बघू मेहुण्यांकडे. आणि ते भांडण झालं की..." तो अडखळला, "एक घर आखाल? आपल्या दोघांचं. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"ही काय वेळ आहे विचारायची?" ती कडाडली.

"तुम्ही रागात नाही अशी वेळ मला अजून सापडलेलीच नाही."

तिला हसू येत होतं, म्हणून ती जास्तच चिडली. "आधी बाहेर व्हा. दारातून या!"

तो मुकाट्याने वळसा घालून दाराशी गेला, हवेत टकटक केली. तिने त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. राग काही असा चुटकीसरशी जात नाही.

मग डोळे पुसत ती म्हणाली, "या... पण बूट बाहेर काढून!"