सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

पाळी सुटली की सुरुंगाची कळ दाबायची, हे एवाल्डचं वीस वर्षांचं काम. वेरा नदीकाठच्या त्या पोटॅशच्या खाणीत, सातशे मीटर खाली, मिठाच्या पोटातच वायू कोंडलेला असतो. सुरुंगाबरोबर कधी तो भसकन सुटतो आणि माणूस उभ्या जागी गुदमरतो. म्हणून नियम एकच. खाली उतरताना फळ्यावरचा आपला बिल्ला न्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. एक जरी खिळा रिकामा दिसला, तरी कळीला हात लावायचा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी फळा भरलेला होता. एवाल्डने कळ दाबली. डेटलेफ खालीच होता.

त्याच्या खिळ्यावर मुकादम राइनहोल्डने घाईघाईत कपाटातला कोरा बिल्ला अडकवला होता. आणि चौकशीत हाच माणूस तोंड वर करून म्हणाला, डेटलेफ चोरून पुन्हा खाली उतरला. डेटलेफची बायको रोझविथा भेटेल तिथे विचारायची, "भाऊजी, ते असे नियम मोडणारे होते का हो?" एवाल्डच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

आजही राइनहोल्ड पाठीशीच उभा होता. "दाब रे. किती वेळ लावतोस?"

एवाल्डने फळा पाहिला. सत्तेचाळीस नंबरवर बिल्ला होता. जुना, कोपरा दुमडलेला, डेटलेफचाच. तो तर रोझविथाने शवपेटीत त्याच्या मुठीत ठेवला होता, सगळ्यांदेखत. एवाल्डने बोट लावलं. बिल्ला खालच्या दगडासारखा कोमट होता, मिठाने पांढरा पडलेला.

आणि एक नंबरचा खिळा रिकामा होता.

"मुकादम, तुमचा बिल्ला कुठाय?"

"आत्ता होता की... अरे, मी इथे उभा आहे ना? दाब."

"खोट्या बिल्ल्यावर एकदा फसलो, आता नाही. आधी रोझविथासमोर खरं बोला."

"मला अक्कल शिकवतोस?"

तेवढ्यात खाणीच्या तळाशी जोडलेला फोन वाजला. खाली कुणीच नव्हतं. राइनहोल्डने तो उचलला. एवाल्डलाही ऐकू आलं. आधी पहारीने छत ठोकल्याचा आवाज, टक... टक... मग माणसाचा. तो राइनहोल्डचाच होता.

"दाबू नका... मी अजून खालीच आहे..."

एवाल्ड उठून बाजूला झाला. "या, तुम्हीच दाबा. त्या दिवशी म्हणालात तसं म्हणा, सगळे वर आलेत."

राइनहोल्डने तोंड उघडलं. ओठांतून बारीक पांढरं मीठ सांडत राहिलं. फोनमधला राइनहोल्ड मात्र खोकत होता.