लाल काचेतला सहा

चहाला गच्चीवर जाताना टेबलावर नऊ कॅमेरे होते. खाली आल्यावर शरदिनीनं मोजले, तर आठच. नाहीसा झाला होता सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत स्वस्त, ढुंढिराजकाकांचा काळा डबा कॅमेरा.

रामघाटावर रत्नाकररावांच्या घरी दर रविवारी हौशी फोटोवाल्यांची बैठक भरायची. पंचाहत्तर सालच्या मार्चमधल्या त्या रविवारी ज्यानं त्यानं आपला पहिला कॅमेरा आणायचा, असं ठरलं होतं. बहुतेकांचे पहिले कॅमेरे केव्हाच माळ्यावर पडलेले. काकांचं तसं नव्हतं. रेल्वेच्या पहिल्या पगारातून एकोणपन्नास साली घेतलेला डबा ते अजून वापरत. दिवाळीत मुलानं, उल्हासनं, नवा जपानी कॅमेरा पाठवला. त्यावर काकांचा हात चांगला बसला होता, पण डबा काही सुटला नव्हता. नव्या माणसाला ते अजूनही दटावून सांगायचे, आधी चावी फिरवून रोल पुढे सरकवायचा, मग खटका दाबायचा.

त्या डब्यातच तर सगळ्यांचा जीव अडकला होता. आतल्या रोलवर अन्नपूर्णाकाकूंचा फोटो होता. कॅमेरा दिसला की काकू जन्मभर तोंडावर पदर ओढत आल्या. गेल्या वर्षी संकठा घाटाच्या पायरीवर एकदाच, कशा कोण जाणे, राजी झाल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. काकांनी तो रोल धुवायलाच दिला नाही. अजून संपला नाही, एवढंच म्हणायचे. आता वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं, उल्हासला आईचा मोठा फोटो हवा होता आणि त्याच संध्याकाळी फोटो स्टुडिओवाला प्रल्हाद रोल धुणार होता.

रत्नाकरराव आबकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी दाराला कडी घातली आणि पिशव्यांची झडती सुरू केली. काका कोपऱ्यात झोळी मांडीवर घेऊन बसले होते. गच्चीवर त्यांनी चहाला हातही लावला नव्हता. मघाशीही ते गुडघ्यांमुळे सगळ्यांच्या शेवटी गच्चीवर आले होते. बिचाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

झडतीत काही निघालं नाही. मग सगळ्यांच्या नजरा प्रल्हादकडे वळल्या.

शरदिनी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. प्रश्न विचारायची तिची सवय रविवारीही सुटत नसे.

"कॅमेरा शेवटी कुणाच्या हातात होता?"

"माझ्या," प्रल्हाद म्हणाला.

"काय करत होतास?"

"मागच्या लाल काचेतला रोलचा आकडा बघितला. काकांना म्हटलंसुद्धा, सहावर आहे, अजून दोन फोटो बाकी. मग वापस ठेवला."

"आणि मग?"

"गल्लीत पान खायला गेलो."

"हाच डबा दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडायला मागत होतास ना?"

"मागत होतो, ताई. मागणं म्हणजे चोरणं झालं का?"

शरदिनीला त्याची काळजी वाटली. रामघाटापासून दूधविनायकापर्यंत प्रत्येक मुंजीत आणि लग्नात तो माजघरापर्यंत जायचा. एकदा चोर ठरला असता, तर कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्याचं दुकान बसलंच असतं.

रत्नाकररावांनी चपला चढवल्या. ते ठाण्यावर जाणार होते. तेवढ्यात काका पुटपुटले, "जाऊ द्या. गेला तर गेला."

शरदिनी चपापली. डब्याचा पट्टा तुटला तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नव्हता. आणि आज म्हणतो, गेला तर गेला?

तक्रारीत कॅमेऱ्याचं वर्णन लिहायला हवं, असं म्हणून तिनं काकांची वही मागितली. प्रत्येक फोटोची नोंद ते तीत करत. काकांनी जरा कां कूं केलं, मग दिली. तिनं शेवटचं पान उघडून मोठ्यानं वाचलं.

"सहा. संकठा घाट. अन्नपूर्णा. सात. संकठा घाट, तीच पायरी, रिकामी. माघ, सकाळी आठ."

तिनं वही मिटली आणि रत्नाकररावांना थांबायला सांगितलं.

"प्रल्हाद चोर नाही. काका आधी चावी फिरवतात, मग खटका दाबतात. म्हणजे लाल काचेत शेवटच्या फोटोचा आकडा दिसायला हवा. वहीत शेवटचा फोटो सातवा. प्रल्हादला दिसला सहा."

"चुकीचं बघितलं असेल त्यानं," रत्नाकरराव म्हणाले.

"तसं असतं, तर डबा लपवायचं कुणाला कारणच नव्हतं. नव्या कॅमेऱ्यात चावी विसरली तर खटकाच दबत नाही. तीन महिन्यांत काकांना त्याची सवय झाली. डबा असा अडवत नाही. माघात चावी फिरवायची राहिली आणि सातवा फोटो सहाव्यावरच उमटला. काकूंच्या फोटोवर. काकांना हे आज कळलं, प्रल्हाद मोठ्यानं 'सहा' म्हणाला तेव्हा. संध्याकाळी रोल धुतला असता, तर सगळ्यांना कळलं असतं. गच्चीवर सगळ्यांत शेवटी कोण आलं? आणि झडती कुणाची घेतली नाही?"

मग ती हळूच म्हणाली, "काका, झोळी उघडा."

काकांनी डबा बाहेर काढला.

"एकदाच हो म्हणाली होती ती. आणि माझ्याच हातानं मी तिला पुसून टाकली. उल्हासला काय सांगू?" ते प्रल्हादकडे वळले. "तुझं नाव घेतलं गेलं आणि मी गप्प बसलो. डबा लपवला त्याहून हे वाईट केलं. मला माफ कर."

प्रल्हाद खूप रागावला होता, आणि का रागावू नये? रत्नाकररावांनी खाली मान घालून चपला काढल्या. शेवटी प्रल्हादनं हात पुढे केला.

"द्या इकडे. धुऊन तर बघू."

तिसऱ्या दिवशी शरदिनी काकांना घेऊन त्याच्या दुकानात गेली. प्रल्हादनं मोठा केलेला फोटो काउंटरवर ठेवला. दोन्ही वेळा काका एकाच जागी उभे राहिले होते, त्यामुळे घाट घाटावर चपखल बसला होता. पायरीवर अन्नपूर्णाकाकू बसल्या होत्या. चेहरा फिका, पण स्पष्ट, थोडासा हसरा. आणि त्यांच्या लुगड्यातून मागची रिकामी पायरी दिसत होती.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. डोळ्यांतलं पाणी लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"बघ," ते म्हणाले, "अर्धीच आली. पूर्ण फोटो तिनं काढू दिलाच नसता."